‘राझी’ पुन्हा पाहताना

जुलैमध्ये आम्ही चार दिवस विंझरला फुफींकडे होतो. भातलावणी जोरात चालू होती, खाचरे तुडुंब भरलेली, आणि तोरणा ढगातून बाहेर यायला तयार नव्हता. संध्याकाळनंतर घराबाहेर पडण्यात अर्थ नव्हता. इशाची नमाज झाली, जेवणे आटोपली आणि मुलींनी टीव्हीला मोबाईल जोडून ‘राझी’ लावला. घरातल्या बहुतेकांनी तो आधी पाहिलेला होता. पहिल्यांदा पाहणाऱ्या दोघीच, पंचाहत्तरीच्या फुफी आणि त्यांची अकरा वर्षांची नात.

सिनेमा अर्ध्यावर आला. जुना नोकर अब्दुल याला नव्या सुनेचे गुपित कळले, तो घराबाहेर धावत सुटला, ती जीप घेऊन त्याच्या मागे, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. ती तासभर आली नाही. त्या तासाभरात अंधारात जे बोलणे झाले त्यातूनच यावेळचा हा मजकूर तयार झाला आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. काळ 1971चा, भारत-पाकिस्तान युद्धाच्या आधीचे महिने. काश्मीरचे हिदायत खान हे भारतासाठी हेरगिरी करतात, पण पाकिस्तानी ब्रिगेडियर सय्यद यांना वाटते की हा आपला माणूस. हिदायत आजारी आहेत, दिवस मोजके उरले आहेत. आपले काम पुढे चालावे म्हणून ते दिल्लीत शिकणाऱ्या मुलीचा, सहमतचा, निकाह ब्रिगेडियरच्या धाकट्या मुलाशी, इकबालशी ठरवतात. थोडेसे प्रशिक्षण घेऊन सहमत सून म्हणून सीमेपलीकडे जाते आणि सासरच्या घरातून बातम्या पाठवू लागते. आलिया भट्ट सहमत, विकी कौशल इकबाल, रजित कपूर हिदायत, तिला तयार करणारा अधिकारी खालिद मीर म्हणजे जयदीप अहलावत. मोठी जाऊ मुनिरा आपल्या मराठी अमृता खानविलकरने केली आहे. ‘नटरंग’मधल्या तिच्या लावणीने तिला ओळखणाऱ्यांना इथे ती डोक्यावर दुपट्टा घेतलेली, हळू आवाजात बोलणारी, घर सांभाळणारी बाई म्हणून दिसते आणि एकदाही खोटी वाटत नाही.

मेघना गुलजार यांचा हा सिनेमा 11 मे 2018ला आला. नौदलातून निवृत्त झालेल्या हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सहमत’ या 2008च्या कादंबरीवर तो बेतला आहे. शंभर कोटींहून अधिक धंदा झाला, फिल्मफेअरचे उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री असे तिन्ही सन्मान मिळाले. युद्धकाळातल्या हेरगिरीच्या हिंदी सिनेमांत आज त्याचे नाव पहिल्या दोन-चारांत घेतले जाते. ते रास्तच आहे. तरी दुसऱ्यांदा पाहताना आम्हाला काही गोष्टी पहिल्यापेक्षा जास्त आवडल्या आणि काही पहिल्यापेक्षा जास्त खुपल्या.

आवडलेल्या आधी. हेरगिरीचे सिनेमे म्हटले की परदेशी शहरे, धावत्या मोटारी, पिस्तुले. इथे सगळा थरार एका घरात आहे. जिन्यावरची पावले, स्वयंपाकघराचे मागचे दार, न्हाणीघराची कडी, दुपारी सगळे झोपले असताना गच्चीवर गेलेली सून. फुफी हेरगिरीच्या गोष्टी आयुष्यात पाहत नाहीत, पण पहिल्या अर्ध्या तासात त्या खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. अंधारात त्या म्हणाल्या, “अगं, नव्या सुनेवर सगळ्यांचीच नजर असते. ती कुठं गेली, किती वेळ गेली, कुणाशी बोलली. मी या घरात आले तेव्हा साखरेच्या डब्याला हात लावायलाही भीती वाटायची. आणि ही पोरगी तारा जोडतीय!”

या सिनेमाची खरी ताकद त्यांनी एका वाक्यात सांगितली. मेघना गुलजार यांनी हेराची भीती वेगळी शोधून आणलीच नाही. परक्या घरात आलेल्या प्रत्येक मुलीला जी भीती ठाऊक असते तीच त्यांनी घट्ट करत नेली. म्हणून सहमत अडखळली की घरातल्या बायका श्वास रोखतात. तिकडे राजगड-तोरण्याच्या या मुलखात हेरांचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले, बहिर्जी नाईकांचे नाव इथला शाळकरी पोरगाही सांगेल. पण ते हेर फकिराच्या, भिकाऱ्याच्या वेषात रस्त्याने फिरणारे पुरुष. सुनेच्या वेषातला हेर ही गोष्ट वेगळीच.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे ते घर. आपल्या हिंदी सिनेमातले पाकिस्तानी घर कसे असते ते वाचकांना सांगायला नको. सुरमा, हिरवा पडदा, दात-ओठ खाणारा जनरल. सय्यदांचे घर तसे नाही. सासरे प्रेमळ आहेत, दीर मनमोकळा, जाऊ बहिणीसारखी. इकबाल तर असा नवरा आहे की कोणत्याही अम्मीला जावई म्हणून आवडावा. नवी नवरी बुजलेली आहे हे ओळखून तो खोलीत आपले अंथरूण वेगळे घालतो, तिला वेळ देतो. सलाम-दुआ, दस्तरखान, मोठ्यांसमोर डोक्यावर घेतलेला पदर, हे सगळे इतके सहज आहे की पडद्यावर मुसलमान घर पाहताना आपल्याला जो एक संकोच वाटतो, आता काय दाखवतील बुवा, तो इथे वाटत नाही. एक-दोन जागा सोडल्या तर घरातल्या सगळ्यांसमोर बसून पाहता येतो.

आणि तिसरी, ‘ऐ वतन’ हे गाणे. गुलजार यांचे शब्द, शंकर-एहसान-लॉय यांचे संगीत. सहमत लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांना शाळेत हे गाणे शिकवते. मुले आपल्या वतनसाठी गातात, पाकिस्तानसाठी. त्यांच्यात उभी राहून ती आपल्या वतनसाठी गाते, हिंदुस्थानसाठी. शब्द तेच, सूर तोच, समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना काडीची शंका येत नाही. दोन देशांच्या देशप्रेमाचा तोंडवळा किती सारखा आहे हे एका गाण्यात दाखवून दिले. भाषण एकही नाही. युद्धावरच्या सिनेमात इतका धीटपणा आम्ही क्वचित पाहिला आहे.

त्या गाण्याच्या मुलांनी गायलेल्या रूपात सुरुवातीला अल्लामा इकबाल यांच्या ‘बच्चे की दुआ’मधल्या ओळी येतात. उर्दू शाळेत शिकलेल्या आपल्या कित्येक वाचकांनी सकाळच्या प्रार्थनेला रांगेत उभे राहून ही दुआ म्हटली असेल. थिएटरमध्ये या ओळींना दाद मिळाली. पण ऑक्टोबर 2019मध्ये उत्तर प्रदेशात पिलिभीत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत हीच दुआ मुलांकडून म्हणवून घेतली म्हणून मुख्याध्यापकांना निलंबित केले गेले. डिसेंबर 2022मध्ये बरेली जिल्ह्यात पुन्हा तेच, मुख्याध्यापकांचे निलंबन आणि पोलिसांत तक्रार. पडद्यावर सहमतच्या तोंडी जी दुआ देशभक्तीची वाटली ती शाळेच्या मैदानात संशयाची ठरली. यात सिनेमाचा दोष काहीच नाही. पण आपण तो पाहताना हे मनातून जात नाही.

आता उणिवांकडे.

किरकोळ आधी उरकून टाकू. सहमतचे प्रशिक्षण फारच झटपट होते. सुरुवातीला जी मुलगी रस्त्यावरच्या खारीला वाचवायला धावते आणि पायातले रक्त पाहून तोंड फिरवते, ती थोड्याच दिवसांत माणूस मारू शकते, हे आलियाच्या अभिनयामुळे आपण मान्य करतो, पटकथेमुळे नाही. लष्करी अधिकाऱ्याच्या घरातून संदेश जात राहतात आणि कितीतरी वेळ कुणाला पत्ता लागत नाही, हेही जरा जास्तच. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमधून लंडनला बिनतारी संदेश पाठवणाऱ्या नूर इनायत खान यांची हकिकत आठवते. टिपू सुलतानच्या वंशातली, बडोद्यात जन्मलेल्या सूफी गायक हजरत इनायत खान यांची ही मुलगी. जून 1943मध्ये त्यांना फ्रान्समध्ये उतरवले, आणि संदेश कुठून येतो ते हुडकणाऱ्या जर्मन गाड्यांना चुकवत त्यांना सारखी घरे बदलावी लागत. चारेक महिन्यांत त्या पकडल्या गेल्या. 13 सप्टेंबर 1944ला डाखाऊच्या छळछावणीत त्यांना गोळी घातली. त्यांच्यापुढे सहमतची गच्ची फार सुरक्षित वाटते.

तीच गोष्ट विषारी टोकाच्या छत्रीची. सहमत दिराला, मेहबूबला, भर रस्त्यात छत्रीचे टोक लावून मारते. हा प्रकार जगाला माहीत झाला तो 1978मध्ये, लंडनच्या पुलावर बल्गेरियन लेखक मार्कोव्ह यांचा खून झाला तेव्हा. गोष्ट 1971ची आहे. पटकथा लिहिणाऱ्यांना ती छत्री फार आवडली असावी.

सहमतच्या बातमीमुळे ‘विक्रांत’ वाचली, हा सिनेमाचा कणा. ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ 3 आणि 4 डिसेंबर 1971च्या रात्री बुडाली हे खरे, आणि ती ‘विक्रांत’च्या मागावर होती हेही खरे. पण ‘विक्रांत’ तेव्हा तिथे नव्हती, अंदमानकडे हलवलेली होती. ‘आयएनएस राजपूत’ने तिच्या नावाचा आव आणून पाणबुडीला चकवले, असे आपले नौदल सांगते. पाकिस्तान म्हणते, आतच स्फोट झाला. या सगळ्यात एका मुलीचा वाटा किती, हे कादंबरीकारांच्या शब्दाशिवाय तपासायला दुसरा मार्ग नाही. तेव्हा ‘सत्यकथा’ ही पाटी सबुरीने वाचावी. ती ‘विक्रांत’ पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आपल्यातल्या अनेकांनी मुलांना दाखवलीही असेल. 2014मध्ये ती मोडीत निघाली आणि तिच्या पोलादातले थोडे पुण्याच्या बजाजने एका मोटारसायकलीत वापरले. विंझरच्या रस्त्यावर आम्ही तशी एक गाडी पाहिली. मुलींना सांगितले तर त्यांचा विश्वास बसेना.

पण खरी उणीव ही नव्हे. ती नाव पुकारून समोर उभी आहे आणि सिनेमा तिच्याकडे पाहत नाही.

सिनेमाचे नाव ‘राझी’. राझी म्हणजे कबूल असलेली, जिने स्वखुशीने होकार दिला ती. आपल्याकडे निकाहाला हा शब्द किती मोलाचा आहे! मुलीची रजामंदी घेतल्याशिवाय काझी पुढे जात नाही. साक्षीदार तिचा होकार ऐकून मगच बाहेर येतात. मग सहमतची रजामंदी कुणी, कशी घेतली? मरणाच्या दारात उभा असलेला बाप मुलीला सांगतो, माझे काम तू पुढे ने, त्यासाठी या मुलाशी निकाह कर. ती दोन वाक्यांत हो म्हणते. मृत्युशय्येवरच्या बापाला कोणती मुलगी नाही म्हणेल? वतनपुढे काहीच नाही, ती स्वतःही नाही, असे ती म्हणते, आणि वाद्ये वाजू लागतात. ज्या शब्दावर सिनेमाचे नाव आहे त्या होकाराला पटकथेने पाच मिनिटेही दिलेली नाहीत.

आणि इकबालचे काय? त्यानेही ‘कबूल है’ म्हटले आहे. कुणाला? एका बायकोला, जी बायको म्हणून आलेलीच नाही. निकाहाच्या नात्याचा पाया विश्वासाचा. इथे पहिल्या दिवसापासून एका बाजूने फसवणूक आहे, आणि ती करणाऱ्यात मुलीचा बाप आहे. युद्धात फसवणूक चालते, हे आम्हाला मान्य. पण निकाह हे युद्धाचे हत्यार करावे का, हा प्रश्न मुसलमान प्रेक्षकाच्या मनात येणारच. तो सिनेमातल्या एकाही पात्राच्या मनात येत नाही. हिदायत खान पाच वक्त नमाजी दिसतात, पण या एका गोष्टीवर त्यांची झोप उडालेली आपण पाहत नाही.

हिचकॉकचा ‘नोटोरियस’ हा 1946चा सिनेमा जवळजवळ याच गोष्टीचा. अमेरिकन गुप्तचरांच्या सांगण्यावरून एक तरुणी नाझींच्या टोळीतल्या माणसाशी लग्न करते, त्याच्या घरातली तळघराची किल्ली चोरते. मेजवानीत दारूच्या बाटल्या एकेक करून संपत चालल्या आहेत आणि घरमालक आता तळघरात नव्या आणायला जाणार, तिथे तर हिचा साथीदार! आपल्याला बाटल्यांशी काही देणेघेणे नाही, पण त्या मोजताना छाती धडधडते. थराराच्या बाबतीत तो ‘राझी’च्या कितीतरी पुढे. पण तिथे नवरा नाझी आहे, सासू सुनेच्या कॉफीत विष कालवते, आणि शेवटी नायक येऊन नायिकेला सोडवून नेतो. प्रेक्षकाला टोचणी लागत नाही. ‘राझी’ने नवरा चांगला दाखवला, म्हणजे अवघड वाट धरली. ती वाट धरली तर शेवटपर्यंत जायला हवे होते.

तसे तो बराच पुढे जातो, हेही न्यायाने सांगायला हवे. खून केल्यावर न्हाणीघरात कोसळलेली सहमत, आणि शेवटी, इकबाल गेल्यावर, मीर आणि त्याच्या माणसांवर तिने काढलेला राग, हे जिंकलेल्या हेराचे चित्र नाही. तिला घरी जायचे आहे. तिच्या पोटात इकबालचे मूल आहे आणि ती आणखी एक खून करायला तयार नाही. सत्य कळल्यावर इकबालही बापाला सांगतो की तिने तिच्या देशासाठी केले, आपणही तेच करतो. कादंबरीकार सिक्का या सिनेमावर पुढे उघडपणे नाराज झाले, त्यांना त्यात पुरेसा अभिमान दिसला नाही. आम्हाला मात्र वाटते, जे काही खरे आहे ते त्या मोडलेल्या सहमतमध्येच आहे.

अंधारात हे सगळे चालले असताना फुफींची नात इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “दादी, तिनं नाही म्हटलं असतं तर? मग ती वाईट झाली असती का?”

तिच्या आईने विषय बदलायचा प्रयत्न केला. आम्हाला मात्र हा प्रश्न टाळता आला नाही. आपल्या मुलांना पडद्यावर चांगला मुसलमान दिसतो तो बहुतेक वेळा असाच, ज्याने काहीतरी भयंकर मोठे गमावून दाखवले आहे. ब्रिगेडियर उस्मान 1948मध्ये नौशेरा-झांगडच्या आघाडीवर शहीद झाले. हवालदार अब्दुल हमीद यांनी 1965मध्ये असल उत्तरला पॅटन रणगाडे फोडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. टीव्हीवर त्यांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली तेव्हा आमच्या घरी तो भाग पाहायला शेजारचेही आले होते. ही माणसे सैनिक होती, त्यांचे काम त्यांनी स्वतः निवडले होते. सहमतने काय निवडले? आणि जी मुलगी दिल्लीच्या कॉलेजात शिकून, लग्न करून, साधी शिक्षिका होऊन राहिली असती, तिच्या देशप्रेमाचा सिनेमा कुणी काढला असता का? आम्ही त्या मुलीला एवढेच सांगितले की नाही म्हटले असते तर ती वाईट झाली नसती. ती म्हणाली, “मग तिला ते कुणी सांगितलं का नाही?”

लाईट आली. अब्दुल मेला, मेहबूब मेला, इकबाल मेला. फुफींनी तस्बीह हातात घेतली होती, ती थांबली नव्हती. शेवटी सहमत खिडकीपाशी एकटी बसलेली दिसते आणि गोष्ट संपते. मुली पुढचे काहीतरी लावायला निघाल्या तेव्हा फुफींनी विचारले,

“आणि ती मोठी सून? मुनिरा. तिचं पुढं काय झालं?”

आम्ही तिघे-चौघे आठवत बसलो. नवरा गेल्यावर ती पांढऱ्या कपड्यांत दिसते, नंतर नाही. जिला जावेने बहीण म्हटले, जिच्या कुंकवाचा, म्हणजे आपल्या भाषेत सुहागचा, त्याच जावेने घात केला, तिचे पुढे काय झाले ते सिनेमा सांगत नाही. मोबाईलवर शोधले, तिथेही नव्हते. फुफींनी पुन्हा एकदा विचारले, आणि मग त्या वजू करायला उठल्या.